पाच हजारांचा मुलगा

परदेशात कशाचंच नवल वाटू द्यायचं नाही, असं आईने सातारा सोडतानाच ठरवलं असावं. टोकियोला आमच्याकडे येऊन तिला महिना झाला होता. शिनकानसेन बघून म्हणाली, "वेळेवर येते, बरं आहे." फुजी बघून म्हणाली, "अजिंक्यताऱ्यावरून निदान आपलं घर तरी दिसतं." तेव्हा हिला एकदा तरी अशा ठिकाणी न्यायचं की ही तोंडात बोट घालेल, अशी मला जिद्दच पेटली. ऑक्टोबरातला एक शनिवार-रविवार मोकळा होता. मुलाच्या परीक्षेमुळे बायको घरी थांबणार होती. सोल हानेदाहून अडीच तासांवर. मी एक्सेलमध्ये चौदा ठिकाणांचा तक्ता केला, वेळेसकट.

आई मात्र शेवटपर्यंत त्याला ट्रिप म्हणाली नाही. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुलांना सहलीला नेलेली बाई ती. "सहल आहे ना? मग डबा हवा," असं म्हणून तिने शुक्रवारी दुपारी दशम्या केल्या.

किम्पो विमानतळावर पैसे बदलले. नोट हातात आली की ती उजेडात धरून बघायची, ही आईची सवय. पन्नास हजार वोनच्या पिवळ्या नोटेवर एक बाई होती.

"ही कोण? राणी?"

मी फोनमध्ये शोधलं. राणीबिणी नव्हे. शिन साइमदांग, सोळाव्या शतकातली चित्रकार. ही नोट निघाली २००९ साली. आणि पाच हजारांच्या नोटेवर जो दाढीवाला विद्वान आहे, युलगोक नावाने ओळखला जाणारा, तो तिचा मुलगा.

आई जागच्या जागी थांबली. "म्हणजे मुलगा पाच हजार आणि आई पन्नास हजार?"

"हो."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि पर्सची चेन लावली.

त्या घटकेपासून मला नाव राहिलं नाही. "पाच हजार, ती पिशवी धर." "पाच हजार, स्वेटर घातलायस का?" पन्नाशीला आलेल्या माणसाला चार लोकांत असं बोलावू नये, पण त्या चार लोकांना मराठी येत नव्हतं, एवढाच दिलासा.

उतरलो होतो बुकचोनजवळच्या एका हनोकमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लाकडी, कौलारू घरात. चपला बाहेर, गाद्या जमिनीवर. आणि जमीन गरम. पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालून फिरवून घर ऊब धरायचं, आता गरम पाण्याचे पाइप असतात. या सोयीला ओन्दोल म्हणतात. मी हे सांगेपर्यंत आई पाय पसरून बसलीही होती. तिचे गुडघे गेली सात वर्षं आमच्या घरातले एक स्वतंत्र सदस्य आहेत. कुठे जायचं, किती चालायचं, हे त्यांना विचारून ठरतं. त्या सदस्यांना कोरिया पहिल्या पाच मिनिटांत पसंत पडला. तक्त्यातला रात्रीचा नामसान मनोरा तिथेच बाद झाला.

भिंतीवर पाहुण्यांसाठी कोरियन मुळाक्षरांचा तक्ता लावलेला होता. भिंतीवर तक्ता आणि समोर निवृत्त शिक्षिका. मी अंघोळ करून आलो तर दशम्यांच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी गिरवणं चालू.

"अरे, ही तर बाराखडी आहे! 'ग'ला एक रेघ वाढवली की 'ख'. 'द'ला वाढवली की 'थ'. 'म'ची चौकट म्हणजे तोंड. आणि काना-मात्रा असे शेजारी नाहीतर खाली लावायचे. कुणी केलं हे? शिक्षक असणार."

"राजा होता. सेजोंग. चिनी अक्षरं सामान्य माणसाला झेपत नाहीत म्हणून ही नवी अक्षरं १४४३ साली केली आणि १४४६ला जाहीर केली."

"राजा असून पहिलीच्या वर्गाचा विचार केला!" आईने तक्त्याकडे बघून मान डोलावली. केंद्रप्रमुखांनाही तिने कधी अशी मान डोलावली नव्हती.

त्याचा परिणाम शनिवारी सकाळपासून भोगायला लागला. आई प्रत्येक पाटी वाचायला लागली. पहिलीतलं मूल एसटीतून जाताना वाचतं तशी, अक्षर लावून, मोठ्याने. अर्थ कळत नव्हता, पण ती तिची अट नव्हतीच. एका चौकात ती थबकली. "इथेही कॉपी. तिथेही कॉपी. त्या समोरच्या माडीवर पण कॉपी. अरे, हा देश एवढा पुढे गेला तरी कसा?"

कोरियन भाषेत 'फ' नाही, त्यामुळे कॉफीची कॉपी होते, हे मला समजावून द्यावं लागलं. "तरीच म्हटलं, अशी पाटी लावून कोण करेल," ती म्हणाली, आणि आम्ही दोन कप कॉपी प्यायलो.

ग्वांगह्वामुनच्या चौकात पुढे तलवारवाला आरमारप्रमुख उभा आहे आणि मागे सेजोंग हातात पुस्तक घेऊन बसलाय. आईने तलवारवाल्याला ओलांडून सेजोंगपुढे हात जोडले. "राजा आणि घोड्यावर नाही!" हे ती तीनदा म्हणाली. पलीकडचा ग्योंगबोकगुंग राजवाडा १३९५ सालचा, पण त्याबद्दल तिचं मत "अंगण मोठं आहे, झाडायला माणसं लागत असतील" एवढंच. हनबोक हा कोरियन पोशाख घातला की तिथे प्रवेश फुकट मिळतो, म्हणून निम्मी पोरं भाड्याचे झगे घालून हिंडत होती. तिकीट तीन हजार वोन आणि पोशाखाचं भाडं त्याच्या कितीतरी पट, हा हिशेब आईने झगे घातलेल्या दोन मुलींना मराठीतून करून दाखवला. त्यांनी वाकून आभार मानले.

तिथेच तो प्रकार सुरू झाला. मागून एक लहान मुलगी किंचाळली, "आप्पाऽऽ!" आई गर्रकन वळली आणि तिने खांद्यावरचा पदर सारखा केला. कोरियन भाषेत वडिलांना 'आप्पा'च म्हणतात. आमच्या वडिलांनाही अख्खा गाव आप्पाच म्हणतो, आणि ते या वेळी साताऱ्यात बसून, मला कशाला विमानात कोंबता, असं म्हणत पेपर वाचत होते. राजवाड्यातून बाहेर पडेपर्यंत आई सहा वेळा वळली. सातव्यांदा तिने फोन काढला.

तोवर आम्ही बुकचोनच्या चढावर पोचलो होतो. या गल्ल्यांमधून लोक खरोखरीच राहतात. पर्यटकांच्या गलबल्याने ते इतके वैतागले की आता तिथे पर्यटकांना वेळेचं बंधन आहे आणि 'शांतता राखा' असे फलक धरून माणसं उभी असतात. आप्पांना कमी ऐकू येतं. त्यामुळे फोन स्पीकरवर.

"अहो, ऐकू येतंय का? इथे दर दहा पावलांना कुणीतरी तुम्हाला हाक मारतंय!"

"काय?"

"हाक! तुम्हाला! तुम्ही आधी कधी येऊन गेलाय का कोरियाला?"

"गोरेगावला? हो, त्र्याऐंशी साली!"

फलकवाल्या बाई पुढे आल्या. वयाने आईएवढ्याच असतील. त्यांनी काहीही न बोलता ओठांवर बोट ठेवलं. छत्तीस वर्षं ज्या बाईने चाळीस-चाळीस पोरांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' केलं, तिने फोन बंद केला आणि निमूटपणे तोंडावर बोट ठेवलं. तोंडात नाही, पण बोट तिथवर आलं, हे मी तक्त्यात नोंदवलं.

दुपारी एका देवळाजवळ बौद्ध पद्धतीचं जेवण घेतलं. कांदा-लसूण वर्ज्य. "सासूबाईंचा चातुर्मास," असं म्हणून आईने ते संपवलं. रात्री मात्र साध्या खाणावळीत गेलो. अशा ठिकाणी वाढणाऱ्या बाईला 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. हे ऐकून आईने, मी काही बोलण्याच्या आत, "ओ मावशी" असं मराठीतूनच बोलावलं, आणि मावशी आल्या.

शनिवार, त्यामुळे आमच्या घरात मांस-मच्छी बंद. मी पाठ केलेलं वाक्य म्हणून भाताच्या बिबिम्बापमधून मांस वगळायला लावलं. पण बाजूला पाच-सहा छोट्या ताटल्या आल्या, न मागता, फुकट, संपल्या की पुन्हा मिळणाऱ्या. त्यात किमची. किमचीत बहुतेक वेळा खारवलेला जवळा असतो, हे मला माहीत होतं. आईने एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. "काय चव आहे रे! नुसत्या कोबीला?" मी मनातल्या मनात मारुतीची क्षमा मागितली आणि ताटली तिच्याकडे आणखी सरकवली.

मग भात आला. स्टीलच्या, झाकणाच्या वाटीत. काड्याही स्टीलच्या, चपट्या. जपानात महिनाभर लाकूड आणि चिनीमाती बघून आईचे डोळे शिणले होते. तिने भात झाकणावर काढला, वाटी उचलली, पदराने पुसली आणि उलटी करून बुडाशी बघितलं. मग झाकण बघितलं. मग माझी वाटी.

"नाव नाही."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही. मग लग्नकार्यात बदलत नाहीत का यांच्या वाट्या?"

रविवारी तक्ता मी हनोकमध्येच ठेवला. ग्वांगजांग हा १९०५ सालचा बाजार, आणि आम्ही दिवसभर तेवढंच बघितलं. तिथे भिजवलेले मूग दगडी जात्यावर वाटतात आणि त्याची जाड धिरडी तेलात सोडतात, जवळजवळ बुडवूनच. जातं विजेवर फिरत होतं. आई त्याच्यासमोर खूप वेळ उभी राहिली. "मोटार आहे, म्हणजे ओवी कुणी म्हणायचीच नाही," ती म्हणाली. धिरड्यात डुकराचं मांस होतं. रविवार होता. आईने दोन खाल्ली.

धिरडीवाल्या आजींनी फोनमधल्या भाषांतरातून पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. कोरियात वय कळल्याशिवाय समोरच्याला काय म्हणायचं तेच ठरत नाही. आई एकाहत्तर, त्या त्र्याहत्तर. पण जुन्या मोजणीने की नव्या? पूर्वी तिथे मूल जन्मतःच एक वर्षाचं असायचं आणि १ जानेवारीला सगळा देश एकदम वर्षाने वाढायचा. २०२३ साली कायद्याने सरकारी कामकाजात एकच मोजणी ठरली, म्हणजे कागदोपत्री सगळे तरुण झाले. आई हसायलाच लागली. "त्यांना सांग, आमच्याकडे हेडमास्तर सगळ्या पोरांना १ जूनलाच जन्माला घालायचे." हे वाक्य भाषांतरातून काय होऊन पोचलं कोण जाणे. आजींनी मोठ्या आदराने माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक धिरडं वाढलं.

जाताना एका भांड्याच्या दुकानातून आईने झाकणाची वाटी घेतली. पैसे मी दिले. नाव घालून मिळेल का, हे तिने खुणांनी विचारलं. दुकानदाराने वाटीला काही खोट आहे असं समजून दुसरी दिली. तिसरी द्यायला लागला तेव्हा मी तिला बाहेर काढलं.

नोव्हेंबरात ती साताऱ्याला परत गेली. आठवड्याभराने फोटो आला. मोती चौकाजवळ भांड्यांवर नाव घालून देणारा एक जण बसतो, त्याला तिने चिठ्ठी लिहून दिली होती: 'सोल सहल. पाच हजारकडून भेट.' तो गृहस्थ शहाणा निघाला. अपुरा शब्द त्याने पुरा केला, उरलेल्याचा त्याला समजला तो अर्थ लावला आणि वाटीच्या बुडाशी, ठिपक्या-ठिपक्यांनी, कायमचं कोरून दिलं:

'सोलापूर सहल. भेट रु. ५०००/-'

मी लगेच फोन केला. आप्पा मागून विचारत होते, सोलापूरला कधी गेला होतात, मला का नाही नेलं.

"असू दे रे," आई म्हणाली. "अक्षर चांगलं काढलंय."