नदीचं मूळ सापडलं

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, हे आईने मला मुंजीच्या वयातच सांगून ठेवलं होतं, आणि मी ते पाळलंही. बँकेच्या तपासणी खात्यात ३१ वर्षं काढली, शेकडो कर्जखाती उसवली, पण कुणाचं कूळ विचारलं नाही. तारण विचारलं. निवृत्तीनंतर मुलीकडे कार्डिफला सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलो, तर तिथे पाऊस चालू होता. तो थांबेचना. घरात कोंडलेला निवृत्त माणूस काय करेल याचा भरवसा नसतो. मी विहीणबाईंच्या खापरपणजोबांचा बाप शोधायला घेतला.

विहीणबाई राहतात पश्चिम वेल्समध्ये, केरेडिगियन परगण्यात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी बारा ब्रीथ, म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव, पुढे केला आणि शेजारी घराण्याची वंशावळ उलगडली. झाड सुबक होतं. फक्त एका फांदीवर, बाप हवा तिथे, पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह होतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"ते आमच्याकडे माझ्या लहानपणापासून प्रश्नचिन्हच आहे," त्या म्हणाल्या आणि मला आणखी एक फोड वाढली.

ऑडिटरला रिकामा रकाना दाखवू नये. कार्डिफला परतताना गाडीत मी बायकोला माझा बेत सांगितला. ती म्हणाली, "अहो, ती आपल्या मुलीची सासू आहे. तिच्या घरात बाप शोधणारे आपण कोण?" प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी खिडकीबाहेर मेंढ्या पाहत बसलो. वेल्समध्ये माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत, त्यामुळे अशा प्रसंगी नजर वळवायला जागा कमी पडत नाही.

मूळपुरुषाचं, म्हणजे खापरपणजोबांचं, आडनाव जोन्स. हे जाहीर केल्याने कुणाची अब्रू जायची भीती नाही. वेल्समध्ये सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव तेच. 'जोशी, पुणे' एवढ्या पत्त्यावर पत्र टाकावं, तसा प्रकार. खरं म्हणजे वेल्श लोकांना पूर्वी आडनावंच नव्हती. आपल्यासारखं नावापुढे बापाचं नाव, मध्ये 'अप', म्हणजे 'चा मुलगा'. 'अप रीस'चं घासून प्राइस झालं, 'अप हवेल'चं पॉवेल, 'अब ओवेन'चं बोवेन. गणेश विष्णू भरभर म्हणताना 'श' विष्णूला चिकटावा आणि पुढच्या पिढ्यांनी 'शविष्णू' अशी पाटी लावावी, तसं. बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावत. (आमच्या मुलीने आडनाव बदललं नाही तेव्हा आमच्या सोसायटीत दोन बैठका झाल्या. विहीणबाईंना त्यात चर्चेसारखं काय आहे तेच कळलं नाही.)

जोन्स म्हणजे जॉनचा. गंमत अशी की वेल्श मुळाक्षरांत परंपरेने 'जे' हे अक्षरच नव्हतं. पण माणसं बोलत वेल्शमध्ये आणि चर्चच्या दफ्तरात नोंद होई इंग्रजीत, त्याआधी तर लॅटिनमध्ये. कुणी शॉन असो की इयवान, वहीत तो बहुधा जॉन. खडकीची किरकी करणारी लेखणी आधी इथे घासून आली होती. आता आमच्या मूळपुरुषाला जोन्स का म्हणत? बाप जॉन होता म्हणून? आईचा बाप जॉन होता म्हणून? की आईचंच आडनाव जोन्स होतं म्हणून? तीन वाटा, आणि तिन्ही जॉनच्याच अंगणात जाणाऱ्या.

मग मी चर्चच्या दफ्तरांचा अभ्यास सुरू केला आणि थॉमस क्रॉमवेल या गृहस्थाच्या प्रेमात पडलो. आठव्या हेन्रीच्या या मंत्र्याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी, नोंद दर रविवारी साक्षीदारासमक्ष करावी, आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी गावच्या कारभाऱ्यांकडे. दोन कुलपं, दोन किल्ल्या! आमच्या बँकेत तिजोरीला हाच नियम होता आणि तो पाळला जात नाही म्हणून मी ३१ वर्षं शेरे मारत होतो. दोनच वर्षांनी, १५४० मध्ये, क्रॉमवेलचं डोकं उडवलं गेलं. नियम करणाऱ्यांशी जग असंच वागतं. आणि एवढं करूनही वेल्समधल्या अगदी जुन्या वह्या फारच थोड्या उरल्या. बाकीच्यांना ओल, उंदीर आणि कारकुनांचा आळस, या तीन सनातन शत्रूंनी खाल्लं.

सुदैवाने हेड ऑफिसला प्रत जात असे. दरवर्षी गावच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची, असा नियम १५९७ पासून होता. शाखेचं लेजर आणि मुख्य कचेरीतली प्रत! ही दोन कधी जुळत नाहीत, हे सांगायला मला वेल्सला जायची गरज नव्हती. पण तपासायला अ‍ॅबरिस्टविथला जायची होती, कारण दोन्ही तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. कार्डिफहून तिथे रेल्वेने जायचं तर गाडी इंग्लंडमधल्या श्रूसबरीला वळसा घालते. पुण्याहून साताऱ्याला हैदराबादमार्गे जाण्यातला प्रकार. जावयाने दोन दिवस रजा काढली आणि गाडी काढली.

लांगिरिग गावाच्या पुढे रस्ता डोंगरात शिरला. मुलगी म्हणाली, "बाबा, हा पम्लुमोन. सेव्हर्न, वाय आणि रेडोल, तिन्ही नद्या यातूनच निघतात." सेव्हर्न ही ब्रिटनमधली सगळ्यांत लांब नदी. तिच्या उगमापर्यंत पायवाट आहे, खुणा आहेत, आणि मूळ जिथे आहे तिथे लाकडी खांब रोवून इंग्रजीत व वेल्शमध्ये लिहून ठेवलं आहे की हेच ते. म्हणजे म्हणीचा निम्मा भाग या देशाने निकालात काढला होता. उरलं कूळ. मला तो शुभशकुन वाटला. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "खांब नदीला लावलाय. माणसाला लावत नाहीत."

ग्रंथालय टेकडीवर, समोर समुद्र. १९०७ मध्ये स्थापन झालेलं. आत फक्त पेन्सिल चालते, हे मला फार आवडलं. पेन्सिलीने लिहिणाऱ्याच्या हातून इतिहासाचं फारसं नुकसान होत नाही. पडद्यावर एकेक पान सरकू लागलं आणि दुपारपर्यंत माझ्या पोटात बोटीत बसल्यासारखं झालं. पण बाप्तिस्मा सापडला. १८१३ पासून इंग्लंड-वेल्समधल्या या वह्यांत छापील रकाने आले होते: मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, हुद्दा किंवा धंदा. आमच्या पोराच्या ओळीत आईबापांच्या जागी एकटी आई. आणि धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'अविवाहित'.

अविवाहित हा धंदा कसा, हे मी जावयाला विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या वयात माझ्या सासऱ्यांकडे पाहत असे.

जुन्या लॅटिन नोंदींत अशा पोराला 'फिलिअस पॉप्युली' लिहीत, म्हणजे जनतेचा पुत्र. आज आपल्याकडे हेच चौकात फ्लेक्सवर छापून घ्यायला माणसं पैसे मोजतात. वेल्श बोली जास्त दयाळू. 'प्लेंटिन शॉन्स', म्हणजे योगायोगाचं लेकरू. किंवा 'ल्लुइन आ फेर्थ'चं, म्हणजे झुडूप-कुंपणाआडचं. हा 'ल्ल' आपल्या 'ळ'सारखा असेल म्हणून मी विहीणबाईंसमोर ऐटीत म्हणून दाखवला होता. त्यांनी शांतपणे माझ्या बशीशेजारी हातरुमाल ठेवला.

आणि त्याहून जुना वेल्श कायदा तर दयाळूच काय, उदार होता. दहाव्या शतकातल्या हवेल द्दा राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्यात बापाने पत्करलेल्या मुलाला औरस मुलांच्या बरोबरीने जमिनीत वाटा मिळे, आईबापांचं लग्न झालेलं असो वा नसो. इंग्रजी कायदा आला आणि लेकरू योगायोगाचं राहिलं नाही, खर्चाचं झालं.

मला वाटलं होतं, चर्चची मंडळी बापाचं नाव नीतीपोटी शोधत असतील. छे. गावातल्या निराधारांना गावच्या करातून पोसावं लागे. बिनबापाचं मूल म्हणजे गावावर खर्च. म्हणून १७३३ च्या कायद्याने आईने शपथेवर बापाचं नाव सांगायचं, मग कारभारी त्याला गाठून जामीनकतबा लिहून घ्यायचे. पापाची चौकशी नव्हती ती, वसुली होती. हे कळलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पुढे १८३४ मध्ये संसदेने नियम उलटा केला आणि सगळा भार आईवर टाकला. तेव्हा पश्चिम वेल्समध्ये काय झालं ते ऐका. जकातनाक्यांच्या जाचाला कंटाळलेले तिथले शेतकरी १८३९ ते १८४३ या काळात बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून रात्री नाके फोडत. 'रिबेका आणि तिच्या मुली' असं त्यांनी स्वतःला नाव दिलं होतं. या दाढीवाल्या मुलींनी नाके फोडून झाल्यावर आणखी एक काम हाती घेतलं: अशी लेकरं उचलून ज्याची त्याच्या दारात नेऊन द्यायची आणि सांभाळ म्हणून दम भरायचा. कागद लागला नाही, शपथ लागली नाही. कोण कुणाचा, हे गावाला ठाऊकच होतं.

आमच्याच पोराचं गावाने लिहून का ठेवलं नाही, असा मला राग आला. तेवढ्यात बिशपकडची प्रत उघडली, आणि रकान्याच्या कडेला बारीक अक्षरात एक शेरा: 'बाप म्हणवला जाणारा' इसम. नाव होतं! मी खुर्चीतून उठलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. जावई वाकून पाहू लागला.

नाव होतं जॉन जोन्स. राहणार 'टी नेविद'.

'टी नेविद' म्हणजे नवं घर. वेल्समध्ये कुणीही घर बांधलं की ते नवंच असतं, त्यामुळे या नावाची घरं गावोगाव आहेत. त्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत मिळून तीन निघाली. तिन्ही घरांत त्या काळी जॉन जोन्स. एक १८ वर्षांचा, एक विधुर, आणि तिसरा गावच्या गरीबफंडाचा हिशेबनीस, म्हणजे अशा बापांकडून वसुली करणारा! त्याच्या हिशेबवहीत मुलाच्या आईला आठवड्याला दीड शिलिंग दिल्याचं लिहिलेलं आहे. कुणाकडून आले ते लिहिलेलं नाही. माझा संशय कुणावर असेल हे सांगायला नको. पण ३१ वर्षांच्या नोकरीत मी पुराव्याशिवाय शेरा मारलेला नाही, आणि मेलेल्या माणसाकडून खुलासा मागवता येत नाही.

खापरपणजोबांच्या लग्नाचा दाखलाही मिळाला. त्यात नवऱ्याच्या बापाचं नाव आणि धंदा लिहायला जागा होती. 'जॉन जोन्स, शेतकरी', असं त्याने ठोकून दिलेलं. आईला मात्र रकानाच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला २०२१ उजाडावं लागलं. म्हणजे एका कागदावर त्याला बाप नाही, दुसऱ्यावर आई नाही. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा कुठे माणूस पुरा झाला.

वेल्समधलं असं सगळ्यांत गाजलेलं पोर म्हणजे हेन्री मॉर्टन स्टॅन्ली. जन्म १८४१, डेन्बी. चर्चच्या वहीत नाव 'जॉन रोलंड्स' आणि पुढे एका शब्दात अनौरस असल्याचा शिक्का. बाप कोण यावर चरित्रकार अजून भांडतात. गावचा दारुडा म्हणतात, वकीलही म्हणतात. लहानपण गेलं सेंट असाफच्या अनाथ-गरिबांच्या कोठीत. पुढे हा अमेरिकेत जाऊन पत्रकार झाला, १८७० च्या ऑगस्टमध्ये आपल्या मुंबईला उतरला, ऑक्टोबरमध्ये तिथून बोटीने आफ्रिकेकडे निघाला, आणि १८७१ मध्ये टांगानिका तळ्याकाठी उजीजीला त्याला डॉक्टर लिव्हिंगस्टन सापडले. डॉक्टर तिथे काय करत होते? नाईलचं मूळ शोधत होते. ज्याचं कूळ विचारू नये तो एक आणि ज्याने नदीचं मूळ विचारू नये तो दुसरा, हे दोघे तळ्याकाठी समोरासमोर उभे. आईची म्हण आफ्रिकेत चालते की नाही, हे पाहायला ती हवी होती.

संध्याकाळी विहीणबाईंच्या टेबलावर मी तिन्ही जॉन मांडले. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, मग खोडरबराने प्रश्नचिन्ह पुसलं आणि तिथे तीन प्रश्नचिन्हं काढली. मुलगी म्हणाली, डीएनए तपासू. "नको," विहीणबाई म्हणाल्या, "तिन्ही घरांशी नातं निघालं तर नाताळची कार्डं कोण लिहील?" मग केटली ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "त्या मुलीचं नाव मात्र पक्कं कळलं. हे मला कधीच माहीत नव्हतं."

परतीच्या वाटेवर मी बायकोला नाशिकची गोष्ट सांगू लागलो. लहानपणी वडिलांबरोबर गेलो होतो, तिथल्या क्षेत्रोपाध्यांनी लांबलचक वही उघडून आमच्या सात पिढ्या धडाधड वाचून दाखवल्या. एक प्रश्नचिन्ह नाही!

"त्यात तुमच्या पणजीचं नाव होतं?" तिने विचारलं.

पम्लुमोन मागे गेला. मेंढ्या होत्या, पण अंधार पडला होता, दिसत नव्हत्या.

कार्डिफला पोचल्यावर, पुण्यातली सकाळ उजाडायची वाट बघून, मी आत्याला फोन लावला. ती ९० ची आहे. पणजीला तिने पाहिलं आहे. मी ग्रंथालयातून आणलेली पेन्सिल हातात घेऊन बसलो.

"नाव?" आत्या म्हणाली. "सासरचं सांगू की माहेरचं?"

"दोन्ही सांग."

पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत राहिल्या.

"अरे, आम्ही तिला मोठीआईच म्हणायचो."