मल्टीमीटरवाले काका

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत एक तरी गाडी रस्त्यावर कमी आणि बॉनेट उघडून पार्किंगमध्ये जास्त असते. कोथरूडला आमच्याकडे हा मान काकांच्या ऑक्टाव्हिया आरएसचा. स्कोडाने २००४च्या सुमारास ही गाडी इथे आणली, तेव्हा पेट्रोल गाडीला टर्बो ही आपल्याकडे नवलाईच होती. १.८ लिटरचं इंजिन, १५० अश्वशक्ती. काका ती विकत नाहीत. काकू म्हणतात, "विकतील कशी? विकताना दोष सांगावे लागतात, आणि यांना सगळे तोंडपाठ आहेत."

सध्याचा दोष कात्रजच्या घाटातला. गावात शहाण्यासारखी चालणारी गाडी चढावर, टर्बोने जोर धरला की आचके देते. मेकॅनिक सहज म्हणाला, "काका, पंप बदलून टाका." हे वाक्य काकांपुढे काढू नये. "निदान कुठंय? पार्ट बदलून बघतो तो मेकॅनिक नव्हे, दुकानदार!"

रविवारी मागची सीट निघाली. तिच्या खालचं झाकण उघडून काका पंपाच्या कनेक्टरपाशी उकिडवे बसले. वॉचमनला ड्रायव्हर सीटवर बसवलं होतं. त्याचं काम चावी फिरवणं आणि सांगितल्याशिवाय काही न बोलणं. चावी फिरली, पंप क्षणभर गुणगुणला. "म्हणजे फ्यूज शाबूत, रिले ओढतोय," काका स्वतःशीच म्हणाले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर मीटर लावून म्हणाले, "बारा व्होल्ट येताहेत की! वायरिंग ओके."

"कनेक्टर काढून मोजलंत ना?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तारेचा एक धागा शिल्लक असला तरी मीटर बाराच दाखवतं. लोड टाका, मग बोला."

इथे काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. टर्बो हवा कोंबतो तेव्हा पेट्रोलही त्याच मापात लागतं. व्होल्टेज कमी पडलं की पंप मंदावतो, प्रेशर पडतं आणि गाडी नेमकी जोराच्या वेळी धाप टाकते.

इंजिन चालू करून मोजलं. बॅटरीवर १३.८, पंपावर १०.३. "साडेतीन व्होल्ट वाटेत कोण खातंय?" काकांनी असं काही विचारलं की वॉचमनने खिशातून हात बाहेर काढले.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरने जोडून दुसरी पंपाच्या तपकिरी वायरला टेकवली. मीटर म्हणालं ३.२. तिथे शून्याच्या आसपास काहीतरी यायला हवं होतं. "अर्थिंग!" काका ओरडले, तेव्हा दोन खिडक्या उघडल्या. कार्पेटखालचा अर्थिंगचा बोल्ट गंजून हिरवा-तांबडा झाला होता. सँडपेपर मारला, बोल्ट आवळला, पंपाचा सूर वर चढला.

कुणालाही वाटेल, आता काका घाटात जाऊन बघतील. छे! त्यांनी आधी मेकॅनिकला फोन लावला आणि ३.२ हा आकडा दोनदा ऐकवला. घाट पुढच्या आठवड्यात. काकूंच्या मते, दोष सापडला की यांना गाडीत रस उरत नाही. दुपारपासून ते इंजिनिअरसाहेबांच्या मंद हेडलाइटकडे बघताहेत.

तुमच्याकडेही जुनी टर्बो असेल आणि ती चढावर आचके देत असेल, तर काकांकडे जरूर या. रविवार अख्खा मोकळा ठेवा, आणि नवा पंप आधीच घेतला असेल तर तो डिकीत लपवा.