शटडाउनमध्ये मुन्नार

आमच्या घरचा रविवार गुरुवारी येतो. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. विजेचा भार वेगवेगळ्या वारांवर वाटायचा म्हणून ही सोय झाली आणि तीच आमची तिथी होऊन बसली. सोलापूरच्या आत्याला हे मी पंधरा वर्षं समजावतोय. तिला अजूनही वाटतं, मी दत्ताचं काहीतरी करतो.

त्यामुळे सगळ्या घराला एकत्र सुट्टी मिळते ती फक्त दिवाळीच्या शटडाउनला. यंदा बायकोने आधीच सांगून टाकलं, "अहो, महाबळेश्वर आणि अलिबाग सोडून कुठेही. मला चहाचे मळे बघायचेत." मी मुन्नार म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, तिकडे खोबरेल तेलात भाजी करतात. सासरे, म्हणजे आप्पा, काय म्हणतात यावर सगळं अडलं होतं.

आप्पांनी टेल्कोत छत्तीस वर्षं काढली. 2003 साली कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, हे त्यांना कुणी कळवलं नसावं, किंवा कळवलं असेल तर त्यांनी मंजूर केलं नाही. मी हळूच सांगितलं की मुन्नारचे बरेचसे मळे पूर्वी टाटा टीचे होते. आप्पा खुर्चीतून उठले. "म्हणजे आपल्याच कंपनीचं गाव की! जावईबापू, तिकिटं काढा."

कोकण रेल्वेने एर्नाकुलम आणि तिथून टेम्पो ट्रॅव्हलरने चार-साडेचार तास घाट. सासूबाईंनी दोन डबे भरून दशम्या आणि तिळाची चटणी घेतली होती, त्यामुळे केरळात शिरलो तरी गाडीत वास घरचाच होता. मुन्नार जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे. फरक इतकाच की कळसूबाईच्या माथ्यावर देवी भेटते आणि मुन्नारच्या चौकात ट्रॅफिक. पुण्याच्या, मुंबईच्या आणि सुरतेच्या गाड्या एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या. आमचा ड्रायव्हर, ज्याला सगळे 'चेट्टा' म्हणत होते, हताश होऊन मागे वळला. आम्ही मात्र अगदी निवांत होतो. तळेगाव चौकात जो रोज दोनदा उभा राहतो, त्याला मुन्नार काय घाबरवणार?

तीन नद्या जिथे मिळतात ते मुन्नार, म्हणजे 'मून्न आर', असं चेट्टाने सांगितलं. आप्पा लगेच म्हणाले, आमच्याकडेही तीन आहेत, मुळा, पवना, इंद्रायणी. इंद्रायणीला फेस येतो, हे त्यांनी परप्रांतात सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस. दिवाळीत केरळात ईशान्येचा पाऊस असतो हे बुकिंग करताना कुणी बोललं नव्हतं. मग छपराखालचं ठिकाण म्हणून नल्लतण्णीचं चहाचं संग्रहालय. दारापाशी 1913 सालचं दगडी सूर्यघड्याळ आहे. आप्पा त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पंचिंग मशीन." ऊन नसल्यामुळे त्या दिवशी सगळे लेटमार्क.

आत कुंडला खोऱ्यातल्या जुन्या रेल्वेचं एक चाक ठेवलंय. इथे 1902 साली मोनोरेल होती, माल वाहणारी, आणि ती बैल ओढायचे. पुढे तिची छोटी रेल्वे झाली आणि 1924 च्या महापुरात ती वाहून गेली. मी तो फलक दोनदा वाचला. पिंपरीत मेट्रो धावली 2022 साली. म्हणजे बैलांना आम्ही एकशे वीस वर्षं मागे टाकलं, की बैलांनी आम्हाला, हे मला नक्की ठरवता येईना.

खरी मजा शेवटच्या खोलीत. तिथे चालू यंत्रांवर चहा कसा होतो ते दाखवतात: पानं वाळवणं, रोलरमधून काढणं, आंबवणं, भाजणं, चाळणं. लाइन बघितली आणि माझा शटडाउन तिथेच संपला. साडेचार किलो ओल्या पानांपासून किलोभर चहा म्हणजे यील्ड फारच कमी, मी मनातल्या मनात रिजेक्शन शोधायला लागलो. गाईड म्हणाला, या पद्धतीला सीटीसी म्हणतात. माझ्या पोराने कान टवकारले, कारण घरात हा शब्द फक्त पगारवाढीच्या महिन्यात निघतो. गाईडने फोड केली: क्रश, टेअर, कर्ल. आधी चिरडायचं, मग फाडायचं, मग मुरगाळायचं. इतकं स्पष्ट आमच्या एचआरनेही कधी सांगितलं नव्हतं.

मग चाळणीतल्या प्रती. सगळ्यात वर मोठी पानं, मग बारीक, आणि अगदी तळाला पडते ती डस्ट. "घरात रोज उकळता ती बहुधा हीच," गाईड म्हणाला. आप्पा गप्प झाले. छत्तीस वर्षं पहाटे पाचला उठून, फर्स्ट शिफ्टच्या बसआधी आपण चाळणीखालचं प्यायलो? गाईड पुढे म्हणाला की उत्तम चहा उकळायचा नसतो, गरम पाण्यात तीन मिनिटं ठेवायचा, दूध-साखर शक्यतो टाळायची. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "याच्या घरी आजारी आहे का कुणी?"

मग एरविकुलम राष्ट्रीय उद्यान. तिथे वनखात्याच्या बसने वर जावं लागतं. समोर आनमुडी, 2695 मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर, असं ऐकलं. समोर पांढरी चादर होती. नीलगिरी ताहर मात्र रस्त्यालाच बसलेले. जगात फक्त याच डोंगररांगांत सापडणारा, दुर्मिळ वगैरे प्राणी. आप्पांनी त्याच्याकडे, त्याने आप्पांकडे पाहिलं. "शेळीच आहे," आप्पा म्हणाले. "चाकणच्या शनिवारच्या बाजारात याहून चांगली बघून ठेवलीय." इथली नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते, गेल्या वेळी 2018 ला फुलली, आता 2030. बारा वर्षांचा लीड टाइम! आमच्याकडे असा व्हेंडर पहिल्याच ऑडिटला ब्लॅकलिस्ट झाला असता.

आता कोळुक्कुमलाई. जगातल्या सगळ्यात उंच चहाच्या मळ्यांपैकी एक, साधारण आठ हजार फुटांवर. सूर्योदय बघायला पहाटे चारला सूर्यनेल्लीहून जीप निघते. रस्ता म्हणजे ठरावीक अंतर सोडून टाकलेले धोंडे.

इथे माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. मी चाकणला रबरी बुश बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीत लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये जे काळं रबर असतं, ते. त्यामुळे पहिल्या वळणालाच मला ऐकू आलं: पुढून, डावीकडून, खट्ट-खट्ट. बायको खांबाला धरून देवाचं नाव घेत होती. मी म्हणालो, "पुढच्या डाव्या पाट्याचा बुश गेलाय." जीपवाला तमिळ, नाव 'अण्णा', त्याने मागे न बघता उत्तर दिलं, "रोड प्रॉब्लेम, सर." आप्पा अंधारातून बोलले, "जावईबापू, तुमचाच माल असेल."

हे लागलं. उरलेला दीड तास मी खट्ट मोजत होतो. वर पोचलो तेव्हा सगळीकडे धुकं. माणसं चहाचे ग्लास धरून पूर्वेच्या अंदाजाने उभी. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि जीपखाली शिरलो.

बुश गेलेला नव्हता. तिथे बुशच नव्हता. जुन्या टायरचा तुकडा कापून, तारेने आवळून बसवला होता. ड्रॉइंग नाही, टॉलरन्स नाही, तपासणीचा शिक्का नाही, आणि ती जीप रोज त्या धोंड्यांवरून सात माणसं वर आणत होती. मी बोट लावून पाहिलं. घट्ट होता. मग फोटो काढला, झूम करून आणखी एक काढला. तेवढ्यात बाहेर मोठा ओरडा झाला, शिट्ट्या झाल्या आणि परत सगळं शांत.

बाहेर आलो तर धुकं पूर्ववत. बायकोच्या डोळ्यांत पाणी. "काय दिसलं हो! खाली नुसता ढगांचा समुद्र, आणि त्याच्यातून तांबडा गोळा... तुम्ही कुठे होतात?"

"जीपखाली," पोराने परस्पर सांगितलं.

तो सूर्योदय मी फोटोत पाहिलाय. फार सुरेख आहे. डाव्या कोपऱ्यात जीप आणि तिच्याखालून बाहेर आलेले माझे दोन पाय.

परत आल्यावर कँटीनच्या मामांना कोळुक्कुमलाईचं पाव किलोचं पाकीट दिलं. कसं करायचं ते नीट समजावलं: उकळायचं नाही, तीन मिनिटं, दूध नको. मामांनी मान डोलावली आणि सकाळच्या शिफ्टच्या पिंपात अख्खं पाकीट रिकामं करून, आलं-साखर-दूध घालून वीस मिनिटं उकळलं. साडेदहाला ग्लास हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, राग मानू नका, जरा पांचट झालाय. पुढच्या वेळी एवढ्या लांब जाणारच असाल तर येताना गवती चहा आणा."