पोटखराब्याचा भाव

झाडाचा भाव काय? पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने तो काढून ठेवलाय : ७४,५०० रुपये गुणिले झाडाचं वय. त्यातले ४५,००० नुसत्या प्राणवायूचे. म्हणजे कोपऱ्यावरचा पन्नास वर्षांचा वड सव्वासदतीस लाखांचा झाला. आपण त्याला खिळे ठोकून क्लासच्या पाट्या लावतो.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायदा सुधारला. शहरातलं झाड तोडलं, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. हिशेब चोख! आजोबांना घालवा आणि बदल्यात पन्नास बारशी करा. पाळणे कोण हलवणार, ते कंत्राटात बघू.

तरी झाड नशीबवान, त्याला भाव तरी आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर चला. झाडांच्या अधेमधे नुसतं गवत, खुरटी झुडपं आणि काळा कातळ. झाडं मोजायला आलेला माणूस इथून शीळ घालत पुढे जातो, मोजायचं काय? त्याच गवतात तितर पिल्लं घेऊन पळतो. त्याच कातळाच्या भेगांतून पावसाचं पाणी खाली मुरतं आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरना पुरतं.

सातबाऱ्यात नापीक जमिनीसाठी शब्दच आहे : पोटखराबा. एकदा खराब म्हटलं की सुधारायला आपण मोकळे. कधी हिरवं दिसावं म्हणून परदेशी ग्लिरिसिडिया लावून सुधारायचं, कधी टेकडीवरून बालभारती-पौड फाटा रस्ता आखून. रस्त्यांच्या अहवालांत वाहनचालकाच्या वाचलेल्या मिनिटांचे रुपये होतात. तितराच्या रकान्यात काय लिहायचं? निरंक.

मग टेकडीची किंमत काढणार कोण? आणखी एक समिती नेमायचं कारण नाही. बिल्डरने ती केव्हाच काढलीय. टेकडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटला चौरस फुटामागे जादा दर, पाठ असलेल्याला साधा. त्या जादा दरात गवत धरलंय, कातळ धरलाय, पहाटेची तितराची हाकसुद्धा धरलीय. पोटखराब्याचं इतकं चोख मूल्यमापन कुठल्याच तज्ज्ञाला जमलेलं नाही.

पावती तेवढी गॅलरीच्या नावाने फाटते.