फोर-जीच्या घरात टू-जीचा कारभार

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. जुन्यावर नवं रचायचा सराव इथे जुनाच. याच सरावात बसेल असं, जुन्या टू-जीवर रचलेलं बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशाला अर्पण झालं. खासगी कंपन्यांच्या फाइव्ह-जीला तोवर तीन वर्षं होत आली होती, पण मंगलकार्यात वयाचा विषय काढू नये.

खरी गंमत मोबाइलच्या पोटात आहे. फोर-जी मुळात डेटापुरतं. त्यावर बोलायचं तर व्होल्टे लागतं. ते नेटवर्कवर किंवा हँडसेटमध्ये नसलं, की फोन वाजताच नवी सून मुकाट्यानं किल्ल्या सासूच्या हाती देते. जोडणी टू-जीवर उतरते, इंटरनेट थांबतं, आणि बोलणं संपेपर्यंत सासूचंच राज्य.

आता वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याचा शेतकरी घ्या. त्यानं मोबाइलवर कारंजा बाजार समितीतला सोयाबीनचा भाव उघडला, आणि नेमका तेव्हाच अडत्याचा फोन आला. पडद्यावर नुसतं चाक गरगरतंय, कानात अडत्या बोलतोय. मग अडत्या सांगेल तो भाव. अडत्यांसाठी एवढी सोय कुठल्याही निविदेत लिहिलेली नव्हती.