रिफ्रेश करा, पुण्य लागेल

कॉम्प्युटर सुरू झाला, डेस्कटॉपवर आयकॉन उमटले, की राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ दाबायचं. लगेच पुन्हा दाबायचं. निदान पाच वेळा तरी झालं पाहिजे, अकरा झालं तर उत्तम. हा विधी कुठल्या पोथीत सांगितलाय कुणास ठाऊक, पण सायबर कॅफेच्या जमान्यापासून तो श्रद्धेने चालत आलाय. बँकेतला कारकून करतो, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी करतो, आणि आपण दुरुस्तीला बोलावलेला ‘कॉम्प्युटरवाला मुलगा’ही आल्याआल्या तेच करतो. मग आपली खात्री पटते, मुलगा जाणकार आहे.

रिफ्रेशने होतं काय, तर डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा नव्याने मांडले जातात. नुकतीच सेव्ह केलेली फाइल दिसत नसेल तर दिसू लागते. संपलं. ना रॅम मोकळी होते, ना प्रोसेसरला तरतरी येते. पण आयकॉन क्षणभर लुकलुकतात आणि आपल्याला वाटतं, पावला!

दुसरं व्रत शट डाउनचं. रोज संध्याकाळी नेमाने शट डाउन करणारे लोक तक्रार करतात, की सकाळी पाहावं तर हा कालच्यासारखाच रखडतोय. रखडणारच. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असली, की शट डाउन म्हटल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आपली अवस्था डिस्कवर लिहून नुसता झोपतो आणि सकाळी तीच वाचून उठतो. सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू व्हायला हवं असेल तर रीस्टार्ट म्हणावं लागतं. पण रीस्टार्ट केल्यावर यंत्र पुन्हा चालू होतं, आणि चालू यंत्र टाकून घरी जाणं आपल्या संस्कारात बसत नाही.

बाकी देखभालीत आपण कमी पडत नाही. खंडेनवमीला कीबोर्डला हळद-कुंकू, मॉनिटरला झेंडूची माळ, कॅबिनेटपुढे उदबत्ती. कॅबिनेट असतं टेबलाच्या लाकडी कप्प्यात, दार लावून, ‘धूळ जाऊ नये म्हणून’. आतला पंखा वर्षभर त्याच कप्प्यातली गरम हवा पुन्हापुन्हा ओढतो, पात्यांवर धुळीचा जाड थर चढतो, प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. यंत्र बंद करून ब्रश फिरवायला दहा मिनिटं लागतात. आपण म्हणतो, व्हायरस आलाय.

व्हायरस आला म्हटल्यावर फुकटचं ‘क्लीनर’ उतरवणं आलंच. ते डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतं, की तुमच्या रजिस्ट्रीत शेकडो दोष आहेत. दोष सांगायचे पैसे नाहीत, शांत करायचे आहेत. हा धंदा आपल्याला नवा नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या असल्या प्रोग्रॅमांच्या नादी लागू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगते. पण विंडोज बनवणाऱ्यांना विंडोजमधलं काय कळतं? शिवाय हा क्लीनर गुपचूप स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतो. तिथे आधीपासून बसलेले असतात मीटिंगचं अ‍ॅप, गाण्यांचं अ‍ॅप, एकमेकांवर नजर ठेवणारे दोन अँटिव्हायरस आणि भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या स्टार्टअपमध्ये जाऊन यांना एकेक करून ‘डिसेबल’ करता येतं. पण तसं करताना मन कचरतं. कुणी सांगावं, त्या प्रिंटरचा आत्मा परत आला तर?

खरं दुखणं असतं सी ड्राइव्हमध्ये. आमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं घ्या. असेंबल करणाऱ्याने पार्टिशन पाडताना सीला चिमूटभर जागा दिली आणि बाकी सगळी डीला. डीमध्ये ‘आरत्या’ नावाचा एक फोल्डर सोडला तर शुकशुकाट. सारा संसार डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो सीमध्येच. ‘मेंटेनन्स फायनल’, ‘मेंटेनन्स फायनल २’, ‘मेंटेनन्स फायनल खरं’, ‘हेच पाठवायचं’. डाउनलोड्समध्ये एकाच पॅनकार्डाच्या चौदा प्रती, कारण लागलं की शोधण्यापेक्षा पुन्हा उतरवणं सोपं. सी ड्राइव्हची पट्टी केव्हाच लाल झालेली.

सेक्रेटरींना म्हटलं, “काका, निदान रिसायकल बिन तरी रिकामी करा.” ते दचकलेच. “अहो, त्यात २०१२ चा पार्किंगचा पत्रव्यवहार आहे! मुद्दाम तिथे ठेवलाय, कुणी हात लावत नाही.” विंडोज ९५ पासून लोक या बिनला कचऱ्याचा डबा समजत आले, तिचा तिजोरी म्हणून वापर करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बिनमधली फाइलही डिस्कवर तेवढीच जागा अडवते, हे सांगितल्यावर ते म्हणाले, “अडवू दे की, आपल्याच फाइलने अडवलीय ना?”

मग सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून टेम्पररी फाइल्सची यादी दाखवली. “या काढल्या तरी काही बिघडत नाही.” काका विचारात पडले. त्यांची सारी नोकरी सरकारी खात्यात झाली. तिथे टेम्पररी म्हणून लागलेला शिपाई त्यांच्याआधी कायम झाला आणि त्यांच्यानंतर निवृत्त झाला. टेम्पररी काढून टाकतात, ही कल्पनाच त्यांना पेलेना. मी म्हटलं, विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की जुनी आवृत्ती ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये पडून असते, आणि दहा दिवस झाले की विंडोज ती आपणहून काढून टाकते. म्हणजे जुन्याचा दहावा उरकून तीसुद्धा मोकळी होते. काका गंभीरपणे म्हणाले, “तो तिच्या घरचा प्रश्न. इथे सर्वसाधारण सभा आहे.”

विषय क्र. ७ : संगणकातील अनावश्यक फाइली काढून टाकणेबाबत. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी त्याच माणसांत पुन्हा सुरू. एका सभासदाने विचारलं, ऑडिट तोंडावर आल्यावरच ही सफाई कशी सुचली? दुसऱ्याने ‘अनावश्यक’ ठरवणार कोण, म्हणून उपसमिती मागितली. उपसमितीत जायला कुणीच तयार होईना, तेव्हा नवा कॉम्प्युटर घ्यायचा ठराव एकमताने मंजूर झाला.

नवा आला, एसएसडीवाला. झटकन सुरू होतो, हे मान्य केलं पाहिजे. जुन्याला नुसती एसएसडी बसवली असती तरी बरंच भागलं असतं, पण तसा ठराव नव्हता. खजिनदारांनी पहिल्याच दिवशी चोरी पकडली : बिलावर ५१२ जीबी आणि स्क्रीनवर ४७६. बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, असं समजावलं. ते म्हणाले, मग १०२४ वाल्याचं बिल आणा. दुकानदाराला पत्र गेलंय.

जुन्यावरचं सगळं नव्यावर कॉपी करायला एक अख्खी दुपार गेली. आता डेस्कटॉपवर ‘जुना कॉम्प्युटर’ नावाचा फोल्डर आहे. तो उघडला की आत त्याच्याही आधीच्या मशिनचा ‘जुना कॉम्प्युटर’ आहे. सगळं सी ड्राइव्हवर. डी ड्राइव्ह पुढच्या कार्यकारिणीसाठी राखून ठेवलाय.