पाणी पाजा, पाणी शोधा

मे महिना. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत आमची जीप माण तालुक्यात शिरली. मागे रेझिस्टिव्हिटी मीटर, तारेची चार रिळं, स्टीलच्या सळ्या आणि पाच किलो खडेमीठ. चहावाला मिठाकडे बघून म्हणाला, "लोणचं घालायला निघालाय व्हय, साहेब?"

काम तसं सोपं. बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजायचं. अखंड कातळ विजेला अडवतो, पाणी धरलेला झिजका खडक वाट देतो. वीज सोडून जमिनीचं पोट ओळखायची ही विद्या कॉनराड श्लुम्बर्जे यांनी १९१२ साली नॉर्मंडीत आजमावली. नॉर्मंडीत पाऊस पडतो. इथल्या कोरड्या मुरमाला वीज पाजायची तर आधी पाणी पाजावं लागतं, तेही मीठ घालून.

बटण दाबलं. करंट शून्य.

शेजारच्या आजींकडून कळशी मागितली आणि सळ्यांच्या बुडाशी ओतली. तरी शून्य. दुसरी कळशी मागताच आजी कडाडल्या, "पाणी हुडकायला आलायसा, आन् आमचंच पाणी मातीत वततायसा?"

एवढ्यात गावचा पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन लिंबाखाली येऊन बसला. त्याच्या यंत्राला फ्यूजच नव्हता.

आमचा मी काढून पाहिला, शाबूत. बॅटरी भरलेली. चिमटे पॉलिश पेपरने घासले. "साहेबांनी पायताण काढलं न्हाई," असं निदान पारावरून आलं. शेवटी मीटर बंद करून तारा सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला. पहिलं रीळ बीप वाजलं, दुसरं मुकं. मग त्या तारेला मधोमध टाचणी टोचली: अलीकडची निम्मी वाजली, पलीकडची गप्प. गप्प भागाचे पुन्हा दोन भाग. असं करत वीतभर तुकड्यावर आलो. सकाळी तिथूनच ट्रॅक्टर गेला होता. वरचं प्लास्टिक ठणठणीत, आतलं तांबं तुटलेलं.

जोड दिला, टेप गुंडाळली, करंट धावला. दोष ना मुरमाचा होता, ना पायताणाचा. आजींची कळशी मात्र फुकट गेली.

तेव्हापासून सर्व्हेला निघताना आधी घरीच प्रत्येक रीळ वाजवून बघतो, आणि जीपमध्ये सगळ्यांत आधी चढतो तो पाण्याचा कॅन. माणात पाणी शोधायला जाणाऱ्याने पाणी आपलं आपण न्यावं.